गर्भीची खूण

भाषा शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. कोणताही कागद हाती आला की त्यातल्या मजकुराआधी त्यातल्या शब्दांशीच तो झटापट करू लागतो. गेली दोन वर्षे वैद्यकाच्या भाषेतला असाच एक शब्द माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे : कॅन्सरपूर्व. या शब्दातला ‘पूर्व’ मोठा कपटी आहे. पूर्वार्ध म्हटले की उत्तरार्ध ठरलेला. कीर्तनात बुवांनी पूर्वरंग लावला की श्रोते उत्तररंगाची वाट पाहतच बसतात. मध्येच कोणी उठून जात नाही. तेव्हा एखाद्याच्या शरीरातील बदलाला ‘कॅन्सरपूर्व’ म्हणून ठेवले की ऐकणाऱ्याने उरलेले कथानक आपल्या मनाशी पुरे केलेच म्हणून समजावे.

हा शब्द आमच्या घरात आला तो माझ्या थोरल्या बंधूंच्या तपासणीच्या निमित्ताने. दादांचे वय सदुसष्ट. वीस-बावीस वर्षांपासून त्यांच्या छातीत जळजळ होते, रात्री आंबट पाणी घशाशी येते. थंड दूध झाले, आवळा झाला, धने-जिऱ्याचे पाणी झाले. मात्र मालव्यात राहून तिखट शेव सोडणे म्हणजे संन्यास घेण्यासारखेच, तेवढे तेवढे झाले नाही. शेवटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून अन्ननलिका पाहिली आणि तिच्या खालच्या टोकाचे चार-सहा कण तपासणीला पाठवले. आठ दिवसांनी अहवाल आला. त्यात लिहिले होते की अन्ननलिकेच्या अस्तराची जागा आतड्यासारख्या अस्तराने घेतली आहे, या अवस्थेला ‘बॅरेट्स इसोफॅगस’ म्हणतात आणि पेशींत डिस्प्लेसिया, म्हणजे बिघडलेली ठेवण, दिसत नाही. यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे होते. परंतु ते कोणाच्या कानात शिरले नाही, कारण कोणीतरी फोनवर सांगून टाकले की हे कॅन्सरपूर्व असते.

त्याच सुमारास माझ्या पुतणीची सोयरीक बडोद्याच्या एका घराशी जवळजवळ ठरली होती. आम्हां महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींचे जग लहान आहे, हे या मासिकाच्या वाचकांना मी काय सांगावे! इंदूरला कोणाला ठेच लागली तर ग्वाल्हेरला आणि बडोद्याला दुसऱ्या दिवशी विचारपूस सुरू होते. त्या विचारपुशीत जिव्हाळा असतो, तशी चौकशीही असते. वहिनींनी दादांची फाईल कपाटात, ठेवणीतल्या लुगड्यांच्या घडीखाली सरकवली आणि साखरपुडा होईपर्यंत हा शब्द उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, असा दंडक घातला. दादा काही बोलले नाहीत. पण त्यांनी विम्याचे, घरपट्टीचे, बँकेचे कागद काढून त्यांवर चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. एका रविवारी मला बोलावून म्हणाले, “तू शब्दांचा मास्तर ना? मग या शब्दाचा अर्थ लावून दे मला. डॉक्टर सांगतात ते कळते, पण पटत नाही.”

मुख्याध्यापकाची खरी मिळकत म्हणजे त्याचे जुने विद्यार्थी. माझा एक विद्यार्थी आज विकृतिशास्त्राचा जाणकार आहे. शरीराच्या कणांचे परीक्षण करणे हाच त्याचा उद्योग. त्याच्याकडे मी दादांच्या काचपट्ट्या घेऊन गेलो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याने मला आधी निरोगी अन्ननलिका दाखवली : फरसबंदीच्या दगडांसारख्या चपट्या पेशींचे थरावर थर. कोरडा, कडक, गरम घास रोज त्यावरून घसरतो, तेव्हा अस्तर असेच जाडजूड हवे. मग दादांची पट्टी ठेवली. तिथे फरसबंदी नव्हती. खांबांसारख्या उभ्या पेशींची एकच एक रांग होती आणि त्यांच्या मधूनमधून पेल्याच्या आकाराच्या, पोटात चिकट स्राव भरलेल्या पेशी होत्या. अल्शियन ब्लू नावाच्या रंगाने ते पेले निळेभोर झाले होते. हे पेले आतड्यात असावयाचे. घशाकडून जठराकडे जाणाऱ्या नळीत त्यांचे काय काम? वरचेवर वर येणाऱ्या आम्लाने आणि पित्ताने पोळलेल्या जागी शरीराने दुसऱ्या मोहल्ल्याचे अस्तर आणून बसवले होते. वैद्यकात याला मेटाप्लेसिया म्हणतात. हा रोग खरा, पण एका अर्थी ही डागडुजीही आहे.

इथवर मला समजले. त्यानंतर तो जे बोलला त्याने मी खुर्चीत सावरून बसलो. “सर,” तो म्हणाला, “तुम्ही आईच्या पोटात होता ना, तेव्हा तुमच्याही अन्ननलिकेला हे फरसबंदी अस्तर नव्हते. खांबच होते.”

गर्भ चार आठवड्यांचा असताना अन्ननलिका आणि श्वासनलिका एकाच नळीतून फुटू लागतात. आठव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास अन्ननलिकेला उभ्या पेशींचे, वर बारीक रोम असलेले अस्तर असते. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मध्यभागी चपट्या पेशी दिसू लागतात आणि वर-खाली पसरत जातात. क्वचित रोमांचे काही ठिपके जन्मापर्यंतही शिल्लक राहतात. म्हणजे प्रत्येक माणसाची अन्ननलिका जन्माआधीच एकदा आपली कूस बदलून आलेली असते. हे ऐकताना मला आईची आठवण झाली. ती रोज दासबोध वाचत असे. गर्भात असताना जिवाला स्वतःची ओळख असते आणि बाहेर येताच तो ती विसरतो, हा विचार समर्थांनी तिसऱ्या दशकात मांडला आहे. गर्भोपनिषदातही नवव्या महिन्यात पूर्वजन्म आठवणाऱ्या आणि जन्मताच ते विसरणाऱ्या जिवाचे वर्णन आहे. ते अध्यात्म झाले. त्याचा पेशींशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. हल्ली प्रत्येक शोध आपल्या पोथ्यांत आधीच होता असे सांगण्याची जी हौस बोकाळली आहे, तिच्यात मला भर घालावयाची नाही. तरी एवढे म्हणावेसे वाटते की जीव विसरत असेल, पण शरीर विसरत नाही. प्रत्येक पेशीत संपूर्ण पोथी असते. मोठेपणी तिचे बरेच अध्याय बांधून ठेवलेले असतात, इतकेच.

ते अध्याय पुन्हा उघडले जात आहेत, हे ओळखावे कसे? येथे प्रतिपिंडांची कथा येते. बाहेरचा पदार्थ शरीरात शिरला की त्याला नेमके चिकटेल असे प्रथिन रक्त तयार करते. त्याला इंग्रजीत अँटीबॉडी आणि आपल्याकडे प्रतिपिंड म्हणतात. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात यांच्या विषांविरुद्ध रक्तात असे काही निर्माण होते हे दाखवले. प्रतिपिंडाचा स्वभाव एखाद्या जुन्या देवळातील उपाध्यायासारखा असतो. शेकडो यात्रेकरूंतून तो आपला यजमान घराणे सांगताच ओळखतो आणि इतरांकडे ढुंकूनही पाहत नाही. शास्त्रज्ञांनी या ओळखीचाच उपयोग केला. एखाद्या ऊतीचा अर्क प्राण्याला टोचायचा, त्या प्राण्याच्या रक्तातील प्रतिपिंड घ्यायचे आणि ते कुठे कुठे चिकटतात ते पाहायचे.

१९६३ साली मॉस्कोत गारी आबेलेव्ह आणि त्यांचे सहकारी यकृताच्या गाठी असलेल्या उंदरांच्या रक्ताचा अभ्यास करीत होते. त्या रक्तात त्यांना एक असे प्रथिन सापडले की जे निरोगी मोठ्या उंदरात नसते, परंतु उंदराच्या गर्भात भरपूर असते. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, तातारिनोव्ह यांनी यकृताचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या रक्तात तेच दाखवले. हे अल्फा-फीटोप्रोटीन. फीटो म्हणजे गर्भाचे. माझ्या भाचीला गर्भारपणात रक्ताच्या ज्या तपासण्या सांगितल्या होत्या त्यांत एएफपी होते, आणि जुनाट काविळीने यकृत खडबडीत झालेल्या माझ्या एका सहकाऱ्याच्या अहवालातही एएफपीच होते. एकीच्या कागदात ते बाळाच्या कण्याची वाढ नीट होते आहे ना, हे सांगण्यासाठी. दुसऱ्याच्या कागदात यकृतात काही भलते उगवत नाही ना, हे पाहण्यासाठी. तीच तीन अक्षरे. एका कागदावर पेढे वाटले गेले, दुसऱ्याची घडी मुकाट्याने खिशात गेली.

१९६५ साली माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा अर्क सशांना टोचला. मिळालेल्या प्रतिपिंडांतून निरोगी आतड्याला चिकटणारे वगळले. जे उरले ते कॅन्सरला चिकटत होते आणि पहिल्या सहा महिन्यांच्या गर्भाच्या आतड्यालाही! त्या पदार्थाचे नाव कार्सिनो-एम्ब्रियॉनिक अँटीजेन. एकाच समासात कर्क आणि गर्भ. व्याकरणाच्या तासाला हा द्वंद्व समास फोडून दाखवताना मी क्षणभर थांबलो असतो. त्या शोधाने फार मोठी आशा निर्माण केली की आता रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर पकडता येईल. ती आशा टिकली नाही. निरोगी आतड्यातही तो थोडा असतो, धूम्रपान करणाऱ्यांत वाढतो, आतड्याच्या दाहातही वाढतो. आज त्याचा मुख्य उपयोग आहे तो शस्त्रक्रियेनंतर रोग पुन्हा डोके वर काढतो की काय, यावर लक्ष ठेवण्यासाठी. गर्भखूण दिसली की रोग आहेच असे नव्हे, हा धडा त्याच वेळी मिळाला होता.

सशाच्या रक्तातले प्रतिपिंड म्हणजे जत्रेतला गोंगाट; अनेक जाती एकत्र. एकाच जातीचे, अगदी एकसारखे प्रतिपिंड हवे तेवढे मिळवण्याची युक्ती १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी काढली. प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी अल्पायुषी असते; कॅन्सरची पेशी मरतच नाही. त्यांनी दोघींचा संयोग घडवला. जन्माला आलेली पेशी आईसारखे नेमके प्रतिपिंड बनवी आणि बापासारखी अमर होती. १९८४ मध्ये दोघांना, नील्स यर्न यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. कॅन्सर ओळखण्याचे आजचे सर्वांत तीक्ष्ण साधन कॅन्सरच्याच पेशीशी सोयरीक करून मिळाले आहे, हे मी दादांना सांगितले तेव्हा बऱ्याच दिवसांनी ते हसले. म्हणाले, “म्हणजे त्यांच्याकडे मुलगी देताना कोणी घराणे विचारले नाही!” वहिनी उठून आत गेल्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अमेरिकेत न्यूजर्सीमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे वैद्य किरण दास मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाच्या दाहाचा शोध घेत होते. त्यासाठी त्यांनी १९८०च्या दशकात या नव्या युक्तीने एक प्रतिपिंड तयार केले. पुढे ते दास-१ या नावाने ओळखले जाऊ लागले. ते मोठ्या आतड्याच्या अस्तराला चिकटते, निरोगी अन्ननलिकेला किंवा जठराला चिकटत नाही. परंतु बॅरेटच्या अस्तराला, म्हणजे आमच्या दादांना झाले तशा अस्तराला, ते चिकटते. जठरात आतड्यासारखे अस्तर उगवले तर काही रुग्णांत तिथेही ते खूण पटवते, आणि ज्यांना जठराचा कॅन्सर आहे त्यांच्यात अधिक वेळा. एका रोगाच्या शोधात निघालेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याच रोगाची पाऊलवाट लागली. पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच प्रतिपिंड घेऊन गर्भाचे अवयव तपासले गेले, आणि ज्या खुणेला ते ओळखते ती खूण यकृतासह निरनिराळ्या अवयवांत गर्भाच्या वाढीच्या ओघात कमी-जास्त होत जाते असे दिसले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत एक नाव बडवे असे आहे. ते वाचून मला उगाच घरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

काचपट्टीवर ही ओळख तपकिरी रंगाने उमटते. प्रतिपिंड जिथे चिकटले तिथे तपकिरी, बाकी सारे फिकट निळे. माझ्या विद्यार्थ्याने दादांच्या कणांवर दास-१ लावले नव्हते. आमच्याकडच्या नित्याच्या तपासणीत ते नाही. त्याने पी-५३ नावाच्या एका प्रथिनाचे प्रतिपिंड लावले होते, कारण पेशी बिघाडाच्या वाटेला लागल्या तर त्याचा रंग बदलतो. तो रंग ठीक होता. “आणि तपकिरी दिसले असते तर?” मी विचारले. “तर आतड्याची खूण आहे एवढे कळले असते. ती पुढे काय करणार आहे, हे खूण सांगत नाही, सर.”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. तीस वर्षे शाळेत काढल्यावर त्याचा अर्थ मला वैद्यकापेक्षा निराळ्या वाटेने कळतो. दुसऱ्या शाळेतून एखादा मुलगा येतो, तेव्हा त्याच्या दाखल्याबरोबर कधी कधी एक कुजबुज येते : यावर लक्ष ठेवा. लक्ष ठेवणे वेगळे आणि त्याला वर्गात गुन्हेगार म्हणून बसवणे वेगळे. पहिले केले तर मुलगा सुधारतो, किंवा बिघडत असेल तर वेळेवर कळते. दुसरे केले तर कुजबुज खरी करून दाखवण्याशिवाय त्याला दुसरा मार्ग आपण ठेवत नाही. शिक्षक म्हणून मला ‘कॅन्सरपूर्व’ या शब्दावर जो राग आहे तो या दुसऱ्या प्रकारचा आहे.

आणि आकडे काय सांगतात? डेन्मार्कमध्ये अकरा हजारांहून अधिक बॅरेट रुग्णांची नोंद तपासून २०११ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षाला ०.१२ टक्के लोकांना अन्ननलिकेचा त्या जातीचा कॅन्सर झाला. म्हणजे आठशे-साडेआठशे लोकांत वर्षाकाठी एक. हा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पेशींची ठेवण बिघडू लागली की तो आणखी चढतो. म्हणून बदललेल्या अस्तराच्या लांबीप्रमाणे तीन ते पाच वर्षांनी पुन्हा दुर्बिणीने पाहायचे. बिघाड दिसलाच तर तेवढे अस्तर दुर्बिणीतूनच जाळून काढण्याची सोय आज आहे. उत्तररंग होऊ न देता कीर्तन आवरता येते.

गर्भाची ही उपमाही मला फार ताणावयाची नाही. स्वतः नॉर्मन बॅरेट यांनी १९५० मध्ये ही अवस्था प्रथम ठळकपणे मांडली तेव्हा त्यांना वाटले की अन्ननलिका जन्मतःच आखूड राहिल्याने जठर छातीत ओढले गेले आहे. दुसऱ्यांनी पुरावे पुढे ठेवल्यावर १९५७ मध्ये त्यांनी ते मत सोडले, ही अन्ननलिकाच आहे हे मान्य केले. आणि २०२१ साली केंब्रिजच्या संशोधकांनी पेशींच्या बारीक तपासणीवरून दाखवले की हे अस्तर मुळात जठराच्या तोंडाशी असलेल्या पेशींतून वर सरकते. तेव्हा अन्ननलिकेला बालपण आठवले, असे म्हणणे कवितेला शोभेल, शास्त्राला नाही. गर्भात अवयव घडवताना जी हत्यारे वापरली जातात त्यांपैकी काही, जखम बुजवताना शरीर पुन्हा हाती घेते. त्या हत्यारांच्या खुणा प्रतिपिंडाला ओळखू येतात. यापलीकडे मी जात नाही.

हे सारे मी दादांसमोर बसून तीन रविवार सांगितले. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, “अर्थ लागला. आता लपवायचे कशाला?” वहिनींचा विरोध होता आणि तो खोटाही नव्हता, मुलीच्या आईचे भय आकड्यांनी जात नसते. दादांनी फाईल लुगड्यांखालून काढली आणि बडोद्याला फोन लावला. मी शेजारी होतो. त्यांनी रोगाचे नाव सांगितले, बिघाड नाही हे सांगितले, आठशेतला एक हा हिशेबही सांगितला. ‘कॅन्सरपूर्व’ हा शब्दही गाळला नाही. पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग होणारे व्याही म्हणाले, “माझ्या आईला यकृताचा होता. आम्हीही सांगितले नव्हते. विचारावे कसे, या विवंचनेत होतो.” पुढे दोघे अर्धा तास औषधांविषयी बोलत राहिले. वहिनी दाराशी उभ्या होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “शेव खाल्लेली चालते का, ते विचारलेत का त्यांना?”

लग्न त्याच वर्षी मार्गशीर्षात झाले. दादा आता आम्ल कमी करणारी गोळी सकाळी नियमाने घेतात, उशाकडची बाजू उंच करून निजतात, रात्रीचे जेवण लवकर करतात. पुढची दुर्बीण कधी, तो महिना त्यांनी डायरीत लिहून ठेवला आहे. कागदांवरच्या चिठ्ठ्या मात्र काढलेल्या नाहीत. म्हणाले, असू देत, त्या एरवीही हव्याच होत्या. दरम्यान माझ्या विद्यार्थ्याकडून मला कळले की तपासलेला कण मेणाच्या ठोकळ्यात बसवून वर्षानुवर्षे जपून ठेवतात, पुढे कधी नवे प्रतिपिंड आले तर जुन्याच ठोकळ्यातून पातळ काप काढून तपासता यावे म्हणून. दादांना ही व्यवस्था फार आवडली. ते स्वतः १९८८ सालापासूनच्या विजेच्या पावत्या जपून आहेत. त्यांनी लगेच विचारले, त्या ठोकळ्याचा नंबर काय? मी आणून दिला. तो त्यांनी फाईलच्या पहिल्या पानावर, आपल्या नावाखाली, शाईने लिहिला.